सांगलीच्या मुलांना गंधकाची ओळख कशी करून द्यावी

सांगली जिल्ह्यातील मुले गंधकाच्या फार जवळ वाढतात. तासगाव, मिरज, पलूस, कवठेमहांकाळ या पट्ट्यातील द्राक्षबागांत भुरी या बुरशीच्या बंदोबस्तासाठी ते वापरले जाते, काही बेदाणा शेडमध्ये त्याची धुरी दिली जाते, साखर कारखान्यात उसाचा रस स्वच्छ करताना ते जाळले जाते आणि चोपण (म्हणजे सोडियम वाढून बिघडलेल्या) काळ्या जमिनीत ते कधी कधी खतासारखे मिसळलेही जाते. असे असूनही बहुतेक मुलांची त्याच्याशी पहिली भेट होते ती आवर्तसारणीच्या एका चौकटीत, अणुअंक १६ म्हणून. हा क्रम उलटा असावा, असे माझे ठाम मत आहे. मुलाने आधी गंधक हातात घ्यावे, ते आपल्या गावात कोणते काम करते ते पाहावे आणि मग त्याची संज्ञा व सूत्रे शिकावीत. पुढील मार्गदर्शन साधारण आठ ते बारा वर्षांच्या मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी आहे.

सुरुवातीला एक नियम पक्का करावा. मुलांसमोर, आणि बंद खोलीत तर कधीच, गंधक पेटवू नये किंवा वितळवू नये. ते सुमारे ११५ अंश सेल्सिअसला वितळते आणि जळताना निळसर ज्योत देते. ती ज्योत सुंदर दिसते, परंतु त्यातून निघणारा सल्फर डायऑक्साइड वायू डोळे आणि श्वासनलिका चुरचुरवतो, आणि दम्याच्या मुलाला त्याच्या थोड्याशा मात्रेनेही धाप लागू शकते. गंधकाची भुकटी दुसऱ्या कोणत्याही रसायनात, विशेषतः शोरा (पोटॅशियम नायट्रेट) किंवा काडेपेटीचा गूल यांत, कधीही मिसळू देऊ नये. पूर्वीच्या तोफांच्या दारूत गंधक, कोळसा आणि शोरा हे तिघे एकत्र असत, एवढे कारण मुलांना सांगितले की तो नियम त्यांना पटतो. हे दोन नियम पाळले, तर गंधकाचा खडा हाताळण्यात भीतीचे कारण नाही. प्रयोगानंतर हात साबणाने धुवावेत, डोळे चोळू नयेत आणि स्वयंपाकघरातील भांडी या कामाला घेऊ नयेत.

गंधक कोठून आणावे, हा प्रश्न सांगली-साताऱ्याकडे अवघड नाही. काष्ठौषधींच्या दुकानात पिवळ्या खड्यांच्या रूपात ते मिळते आणि शाळांना प्रयोगशाळेचे साहित्य पुरवणाऱ्यांकडे कांडीच्या रूपातही मिळते. मूठभर खडे संपूर्ण वर्गाला पुरतात. फवारणीसाठी आणलेल्या पोत्यातील किंवा पुड्यातील गंधक मात्र मुलांच्या हाती देऊ नये, कारण त्यात इतर द्रव्ये मिसळलेली असतात आणि ते शेतीचे औषध आहे.

पहिल्या दिवशी दोन पिवळ्या भुकट्या

हळदीच्या बाजारपेठेत वाढणाऱ्या मुलाला गंधकाची पूड दाखवली, तर त्याचा पहिला अंदाज ‘हळद’ असाच असणार. त्या अंदाजाचाच उपयोग करून घ्यावा. दोन कागदांवर चिमूट चिमूट हळद आणि गंधकाची पूड ठेवावी आणि चव न घेता त्या ओळखायला सांगाव्यात. मुले आधी वास घेऊ पाहतील, म्हणून कागद नाकाशी न नेता हाताने वारा घालून वास कसा घ्यावा, हे त्यांना याच वेळी शिकवावे. हळदीचा वास लगेच येतो. शुद्ध गंधकाला मात्र फारसा वास नसतो आणि याचे मुलांना नेहमीच आश्चर्य वाटते, कारण सडक्या अंड्याचा वास म्हणजे गंधकाचा वास, असे त्यांनी मोठ्यांकडून ऐकलेले असते. तो वास गंधक आणि हायड्रोजन यांच्या संयोगातून बनलेल्या हायड्रोजन सल्फाइड या वायूचा असतो. मूलद्रव्य वेगळे आणि त्याची संयुगे वेगळी, हा रसायनशास्त्रातील अतिशय महत्त्वाचा धडा येथे व्याख्येवाचून सुरू होतो.

यानंतर दोन्ही भुकट्यांवर साबणाच्या पाण्याचा किंवा चुन्याच्या निवळीचा एक एक थेंब टाकावा. हळद लालसर होते, कारण तिच्यातील रंगद्रव्य अल्कली पदार्थाला भेटले की रंग बदलते. गंधकाचा रंग तसाच राहतो.

आता खडा हातात द्यावा. तो अपेक्षेपेक्षा हलका लागतो आणि नाण्याने सहज ओरखडला जातो. मातीच्या कौलाच्या किंवा न झिलई केलेल्या फरशीच्या तुकड्यावर तो घासला, तर फिकट पिवळी रेघ उमटते. खडक आणि खनिजे ओळखणारे लोक याच रीतीने खनिजाच्या रेघेचा रंग तपासतात, हे मुलांना जरूर सांगावे. मग खोलीत शांतता करून एकेका मुलाने खडा किंवा कांडी मुठीत घट्ट धरून मूठ कानाशी न्यावी. काही क्षणांत अगदी बारीक तडतड ऐकू येते. गंधक उष्णतेचे मंद वाहक असल्यामुळे हाताच्या उबेने त्याचा बाहेरचा भाग प्रसरण पावतो, आतला भाग मात्र थंडच राहतो आणि या ताणाने त्यात सूक्ष्म तडे जातात. मोठा खडा यासाठी अधिक चांगला. उन्हाळ्यात खोली तापलेली असेल तर हा प्रयोग सकाळी करावा.

गंधक विजेचेही दुर्वाहक आहे आणि त्यावरून विजेच्या इतिहासाकडे एक छोटी वाट जाते. सतराव्या शतकात ऑटो फॉन गेरिके या जर्मन संशोधकाने गंधकाचा मोठा गोळा तयार करून तो फिरवता फिरवता हाताने घासला आणि घर्षणाने निर्माण होणाऱ्या विजेचे प्रयोग केले. आपल्याकडे माण, आटपाडी, जत या मेंढपाळांच्या भागांत घरोघरी घोंगडी असते. घोंगडीच्या लोकरी तुकड्यावर गंधकाची कांडी घासून ती कागदाच्या बारीक कपट्यांजवळ नेली की कपटे उडी मारून तिला चिकटतात. थंडीतील कोरड्या हवेत हा प्रयोग चांगला साधतो. पावसाळ्यात तो करू नये, कारण दमट हवेत वीज टिकत नाही आणि मुले हिरमुसतात.

पाण्यावरची पूड

माझ्या मते या संपूर्ण ओळखीतील सर्वांत मोलाचा प्रयोग पुढील आहे, म्हणून त्याला घाई न करता वेळ द्यावा. एका काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घ्यावे आणि ग्लासला साबण लागलेला नाही, याची खात्री करून घ्यावी. गंधकाची घनता पाण्याच्या सुमारे दुप्पट आहे, हे आधी सांगून टाकावे किंवा छोटा खडा पाण्यात सोडून तो बुडतो हे दाखवावे. मग मुलांना विचारावे की याच खड्याची पूड केली तर तिचे काय होईल. जवळजवळ सगळी मुले ‘बुडेल’ असे म्हणतील. चिमूटभर बारीक पूड पाण्यावर भुरभुरावी. ती वर तरंगत राहते.

मुलांना येथे उत्तर देण्याची घाई करू नये. त्यांना तर्क करू द्यावेत, पुन्हा पूड टाकू द्यावी, फुंकर घालून बघू द्यावे. पुरेशी चर्चा झाली की भांडी घासण्याच्या द्रव साबणाचा एकच थेंब काडीने पाण्याला लावावा. पूड झपाट्याने कडेला सरकते आणि पाहता पाहता धारेसारखी तळाशी जाऊ लागते. गंधक पाण्याने भिजत नाही आणि पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण त्या हलक्या कणांना वर धरून ठेवतो, परंतु साबणाने तो ताण कमी होतो आणि कण भिजून बुडतात, हे स्पष्टीकरण डोळ्यांसमोर घडलेल्या घटनेला आता नेमके लागू पडते.

या प्रयोगाचे दोन धागे थेट आपल्या परिसरात येऊन मिळतात. द्राक्ष बागायतदार ज्याला वेटेबल सल्फर म्हणतात, त्या ८० टक्के गंधकाच्या औषधात कणांना पाण्यात भिजवणारी आणि विखरून ठेवणारी द्रव्ये आधीच घातलेली असतात, कारण नुसती पूड फवारणीच्या टाकीत वर तरंगत राहिली असती. मुलांपैकी कोणाचे वडील बागायतदार असतील तर त्यांनी स्वतः, हातमोजे घालून, बंद बरणीत हा फरक दाखवावा. दुसरा धागा दवाखान्याचा आहे. काविळीच्या तपासणीत लघवीतील पित्तक्षार ओळखण्यासाठी पूर्वापार हीच युक्ती वापरली जाते: पित्तक्षार असतील तर गंधकाची पूड बुडते, नसतील तर तरंगते. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावातील मुलाला ग्लासातील खेळ आणि प्रयोगशाळेतील निदान यांचे शास्त्र एकच आहे, हे कळले की त्याचा विज्ञानावरील विश्वास वाढतो.

याच बैठकीत लेथवरच्या कारखान्यातून आणलेला लोखंडाचा बारीक कीस गंधकाच्या पुडीत मिसळून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या चुंबकाने पुन्हा वेगळा करून दाखवता येतो. मिश्रणातील घटक आपापले गुण राखून असतात, एवढा मुद्दा त्यातून पुरेसा स्पष्ट होतो. ते मिश्रण तापवून संयुग करण्याचा भाग हायस्कूलच्या प्रयोगशाळेसाठी, शिक्षकांच्या देखरेखीखाली, राखून ठेवावा.

मोकळे मैदान असेल तर मुलांकडूनच गंधकाचा रेणू करून घ्यावा. आठ मुलांनी हात धरून एक कडे करावे. घन गंधकात आठ अणूंची अशीच कडी असतात. ‘तापमान वाढले’ असे म्हणताच मुलांनी जागच्या जागी हलू लागावे, कडी एकमेकांजवळून मोकळी सरकू लागावीत. हे वितळलेले पातळ गंधक झाले. ‘१६० अंश’ अशी हाक दिली की प्रत्येक कड्यातील एकाने हात सोडून शेजारच्या कड्यातील मुलाचा हात धरावा, म्हणजे लांबच लांब साखळ्या तयार होऊन एकमेकींत अडकतात आणि कोणालाच सहज हलता येत नाही. प्रत्यक्षातही याच सुमाराला पातळ गंधक आणखी तापवले असता उलट घट्ट आणि लालसर तपकिरी होते. तापवले की पातळ होते, एवढेच माहीत असलेल्या मुलांना ही गोष्ट अंगाने कळते, आणि ती समजावण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही.

स्वयंपाकघरातील गंधक

घरातील निरीक्षणांसाठी एक अंडे नेहमीप्रमाणे आणि दुसरे बराच वेळ जास्त उकडावे. जास्त उकडलेल्या अंड्याच्या पिवळ्या बलकाभोवती हिरवट करडी कड दिसते. पांढऱ्या भागातील गंधकापासून सुटलेला वायू आणि बलकातील लोह यांच्या संयोगाने ती बनते आणि ती खाण्यास अपायकारक नाही. तो बलक चांदीच्या जुन्या जोडव्यासोबत बंद डब्यात काही तास ठेवला, तर जोडवे काळपट पडते. पैंजण आणि देवघरातील चांदीची भांडी काळी पडतात ती याच रीतीने, हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे. चांदी पुन्हा उजळण्यासाठी मोठ्या माणसाने भांड्यात ॲल्युमिनियमची फॉइल अंथरून त्यावर जोडवे ठेवावे, खाण्याचा सोडा घालून गरम पाणी ओतावे. गंधक चांदीला सोडते, जोडवे पुन्हा चकाकते आणि किंचित सडक्या अंड्याचा वासही येतो.

पादेलोणाचा वास, लसूण ठेचल्यावर येणारा उग्र दर्प आणि कांदा चिरताना येणारे डोळ्यांतील पाणी ही सगळी गंधकाच्या संयुगांचीच कामे आहेत. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम गंधकाचे एक दुर्गंधी संयुग मिसळतात. हे सांगताना, तो वास आला तर दिव्याचे बटण न दाबता मोठ्यांना लगेच बोलवायचे, ही सूचनाही द्यावी. आपले केस आणि नखे ज्या प्रथिनाची बनलेली असतात त्यात गंधक असतेच, आणि केस जळाल्याचा विशिष्ट वास त्याचीच खूण आहे.

किराणा किंवा काष्ठौषधींच्या दुकानातील तुरटी, तसेच बंद बाटलीतील मोरचूद आणि हिराकस यांचे खडे एका रांगेत मांडावेत. तुरटी रंगहीन, मोरचूद निळे, हिराकस हिरवट. तिन्हींत गंधक आहे, पण पिवळे एकही नाही. मोरचूद विषारी असल्याने त्याची बाटली उघडू नये.

बागेत, शेडमध्ये आणि कारखान्यात

द्राक्षबागेची भेट ऑक्टोबर छाटणीनंतर पाने आणि कोवळे घड आलेले असताना ठेवावी, मात्र फवारणीच्या किंवा धुरळणीच्या दिवशी नव्हे, आणि बागायतदाराला विचारून औषध मारल्यानंतर पुरेसे दिवस गेले आहेत याची खात्री करूनच. भुरी म्हणजे पानांवर आणि मण्यांवर पिठासारखा पांढरा थर धरणारी बुरशी. १८४५ च्या सुमारास ती इंग्लंडमधील द्राक्षवेलींवर आढळली, पुढच्या काही वर्षांत फ्रान्समधील बागांचे तिने अतोनात नुकसान केले आणि गंधकाची धुरळणी हा तिच्यावरचा परिणामकारक उपाय ठरला. आजही तो उपाय वापरात आहे. बागायतदाराला मुलांनी एक प्रश्न अवश्य विचारावा: गंधक कोणत्या वेळी मारत नाही? कडक उन्हात, पारा ३२ ते ३५ अंशांच्या पुढे असताना मारले तर कोवळी पाने करपतात, हे उत्तर त्यांना अनुभवी माणसाच्या तोंडून ऐकायला मिळेल, आणि ते कोणत्याही पुस्तकी वर्णनापेक्षा अधिक लक्षात राहील.

बेदाणा शेडमध्ये रॅकवर वाळणारी द्राक्षे पाहताना रंगाकडे लक्ष वेधावे. द्राक्षे वाळताना तपकिरी होण्याची क्रिया सल्फर डायऑक्साइड रोखतो, म्हणून काही ठिकाणी पिवळा, उजळ बेदाणा मिळवण्यासाठी गंधकाची धुरी देतात. धुरी चालू असताना मुलांना शेडच्या आसपासही नेऊ नये. घरी आल्यावर सुक्या मेव्याच्या पाकिटांवरील बारीक अक्षरांत २२० ते २२८ यांपैकी एखादा क्रमांक शोधण्याचे काम द्यावे. २२० हा सल्फर डायऑक्साइडचा आणि पुढचे सल्फाइटांचे क्रमांक आहेत. दम्याचा त्रास असणाऱ्यांपैकी काहींना हे परिरक्षक सोसत नाहीत, त्यामुळे हे वाचन निव्वळ खेळ राहत नाही.

साखर कारखान्याला भेट द्यायची तर ती गळीत हंगामात, व्यवस्थापनाची परवानगी घेऊन द्यावी लागते. तेथे गंधकाच्या भट्टीजवळ जाण्याची गरज नाही. उसाचा काळसर रस चुना घालून आणि सल्फर डायऑक्साइड सोडून कसा निवळतो, हे रसाच्या आधीच्या आणि नंतरच्या नमुन्यांच्या दोन बाटल्या शेजारी ठेवून समजते. परतीच्या वाटेवर एखादे टायरचे दुकान दाखवावे. कच्चे रबर उन्हात चिकट आणि थंडीत कडक होते. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर यांना गंधकासह तापवलेले रबर टिकाऊ आणि लवचिक होते असे आढळले, आणि मोठ्या गाड्यांच्या ट्यूबला तापवून ठिगळ लावणारे कारागीर आजही त्याच क्रियेला व्हल्कनायझिंग म्हणतात.

कृष्णाकाठच्या काळ्या जमिनींत वर्षानुवर्षे पाणी जास्त दिल्यामुळे क्षार वर आले आहेत. त्यांपैकी ज्या जमिनी चोपण झाल्या आणि ज्यांत चुनखडी आहे, त्यांत गंधक मिसळले तर मातीतील जिवाणू त्याचे हळूहळू आम्लात रूपांतर करतात, ते आम्ल चुनखडी विरघळवते आणि मोकळे झालेले कॅल्शियम सोडियमला बाजूला सारते. मग तो सोडियम निचऱ्याच्या पाण्याबरोबर वाहून जावा लागतो. निचरा नसेल तर नुसत्या गंधकाने काहीच साधत नाही. मुलांना यातील एक पायरी डोळ्यांनी दाखवता येते: शेतातील चुनखडीच्या पांढऱ्या खड्यावर लिंबाचा रस पिळला की बुडबुडे येतात.

हे गंधक आपल्या डोंगरात सापडते का, असे मुले हमखास विचारतात. सह्याद्रीच्या बेसॉल्टमध्ये ते मिळत नाही. कराडहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण-संगमेश्वर रस्त्याला गेले तर आरवली, तुरळ, राजवाडी येथे गरम पाण्याचे झरे आहेत आणि त्या पाण्याला गंधकाच्या संयुगांचा वास येतो, परंतु तेथे जवळपास जागृत ज्वालामुखी नाही. पाणी खोल भेगांत जाऊन तापून वर येते. ज्वालामुखीच्या तोंडाशी साचलेले गंधक पाहायचे तर इंडोनेशियातील कावाह इजेनची छायाचित्रे दाखवावीत, जेथे माणसे आजही ते टोपल्यांतून खांद्यावर वाहून आणतात. आज वापरातील बहुतेक गंधक मात्र खनिज तेल आणि नैसर्गिक वायू शुद्ध करताना त्यांतून काढलेले असते. ते इंधनात राहिले असते तर जळून हवेत गेले असते आणि पावसाच्या पाण्यात मिसळून आम्ल झाले असते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ (भारत स्टेज ६) या वाहन-प्रदूषणाच्या मानकानुसार भारतातील पेट्रोल व डिझेलमध्ये दर किलोला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त गंधक चालत नाही, आणि आधीच्या मानकात ही मर्यादा ५० मिलिग्रॅम होती. पाचवी-सहावीच्या मुलांना या दोन आकड्यांची तुलना स्वतः करू द्यावी.

उरलेले खडे आणि पूड काचेच्या कोरड्या बरणीत, ठळक अक्षरांत ‘गंधक — खाऊ नये’ असे लिहून, काडेपेटी, चूल आणि इतर रसायने यांपासून दूर, कुलूपबंद कपाटात ठेवावी. पाण्यात बुडालेली पूड गाळून, वाळवून जपून ठेवता येते. साबण लागलेली असल्याने ती तरंगण्याच्या प्रयोगाला मात्र पुन्हा चालत नाही, म्हणून तिची बरणी वेगळी ठेवावी.